झिजवून उजळलेला दगड

पितृपक्ष सरत आला की शहरांतल्या इमारतींमध्ये एक ओळखीची घरघर सुरू होते. कुठल्यातरी मजल्यावर फरशी पॉलिशचं मशीन लागलेलं असतं. दिवसभर तो आवाज भिंतींतून पाझरत राहतो, जिन्यावर दुधाळ पाण्याचे ओघळ येतात आणि त्या घरचं सामान गॅलरीत नाहीतर शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जातं. रंगकाम आणि पॉलिश दिवाळीच्या आत उरकायचं, ही आपल्या घरांची जुनी रीत. पण त्या दिवसांत पायाखालच्या दगडाचं नेमकं काय होतं, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. चौरस फुटाला दर किती, कोट किती, चकाकी किती वर्षं टिकेल, एवढ्यावर व्यवहार ठरतो. हा लेख त्या राहून गेलेल्या चौकशीसाठी आहे. ती न केल्यामुळे चांगले दगड अकाली खराब होतात, आणि ते घासणारी माणसंही.

लाकडाला पॉलिश लावतात, बुटाला लावतात. दगडाला लावत नाहीत. दगडाचं पॉलिश म्हणजे दगड झिजवणं, आणि एवढं एक ध्यानात आलं की बाकीच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

करवतीतून कापून आलेली लादी कोरडी असताना फिकट, मळकट दिसते. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं की क्षणात रंग गडद होतो, शिरा उठून दिसतात. पाणी वाळलं की पुन्हा तोच फिकटपणा. लादीचा पृष्ठभाग बारीक चऱ्यांनी भरलेला असतो. त्यांवर पडलेला प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि ती पांढुरकी झाक दगडाच्या खऱ्या रंगावर पडदा धरते. पाणी ते चरे भरून काढतं म्हणून रंग दिसतो. कारागीर हेच काम पाण्याशिवाय, कायमचं करतो. चरे इतके बारीक करत नेतो की प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपुढे, ते नगण्य होतात. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात पॉलिशची हीच फोड केली आहे. चरे नाहीसे होत नाहीत, डोळ्याला दिसू नयेत इतके लहान होतात. काचेच्या पॉलिशसाठी त्याने ज्या 'पुटी'चा उल्लेख केला ती कथिलाची भुकटी, म्हणजे टिन ऑक्साइड. संगमरवराच्या शेवटच्या हातासाठी ती आजही चालते.

अर्थात न्यूटनच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताला ही गोष्ट ठाऊक होती. बिहारमध्ये गयेच्या उत्तरेला बराबरच्या टेकड्यांत मौर्यकालीन लेणी आहेत. सुदामा नावाच्या लेण्यात अशोकाच्या राज्याभिषेकानंतरच्या बाराव्या वर्षाचा लेख आहे, आजीविक साधूंना ते लेणं दिल्याचा. आतल्या ग्रॅनाइटच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत आहेत, आणि तेही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, हातांनी केलेलं काम. आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांत असं पॉलिश दिसत नाही. इथला काळा पाषाण, बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला. त्यात जागोजागी वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या. अजिंठ्याच्या कारागिरांनी त्या खडबडीत भिंतींवर माती, भुसा आणि तंतू मिसळलेला गिलावा चढवला आणि त्यावर रंगवलं. दगड काय देऊ शकतो आणि काय नाही, हे ओळखून दोन्हीकडच्या माणसांनी काम केलं. फरशीच्या बाबतीतही पहिली पायरी हीच असायला हवी, आणि तीच हल्ली सुटते.

आता कामाकडे वळू. मशीनखाली बसवतात ते घासायचे दगड सिलिकॉन कार्बाइडचे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत माती आणि कोक तापवत असताना हे चमकदार कठीण स्फटिक हाती लागले. त्याने त्यांना 'कार्बोरंडम' असं नाव दिलं आणि घर्षणाच्या साऱ्या उद्योगाचं रूप पालटलं. हल्ली त्यांच्या जागी हिऱ्याच्या भुकटीचे पॅड येतात; 'डायमंड पॉलिश' म्हणतात ते यामुळे. दोन्हींना नंबर असतात. नंबर म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती घरं, त्याचा आकडा. आकडा वाढला की कण बारीक. ६० नंबरचा कण साधारण पाव मिलिमीटरचा, तर ४०० नंबरचा त्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाचा.

पहिला हात जाड नंबरचा. शेजारशेजारच्या लाद्यांचे काठ एका पातळीत आणायचे, हे त्याचं काम. मग सगळं धुऊन, वाळवून दर्जा आणि दगडातली बारीक भोकं भरायची. पूर्वी पांढऱ्या सिमेंटमध्ये दगडाशी जुळणारा रंग कालवून भरत, आता बऱ्याच ठिकाणी रेझिन भरतात. ते पक्कं झालं की पुढचे नंबर: १२०, २२०, ४००, ६००, ८००, आणि पुढेही. यात एकच नियम आहे आणि तो मोडता येत नाही. प्रत्येक नंबर फक्त आपल्या आधीच्या नंबरचे चरे पुसू शकतो. १२० वरून थेट ६०० वर उडी मारली तर ६०० चा दगड चरे पुसत नाही, नुसता त्यांच्या माथ्यावरून फिरून त्यांना चकाकी आणतो. काम संपलं त्या दिवशी ट्यूबलाइटमध्ये काही कळत नाही. महिनाभराने सकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आत आलं की वर्तुळाकार चऱ्यांची जाळी दिसायला लागते. तोवर पैसे चुकते झालेले असतात.

म्हणून 'सात कोट पॉलिश' या शब्दांना एरवी काही अर्थ नाही. कोणत्या नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत आणि मधला कुठलाही न गाळता, असं विचारलं तरच उत्तराला अर्थ येतो. दोन नंबरांच्या मधे फरशी धुतली जाते का, हेही पाहावं. मागे राहिलेला जाड नंबरचा एक कण पुढच्या पॅडखाली सापडला की तो खोलीभर रेघ ओढत जातो. आणखी एक पारख कोपऱ्यांत होते. मोठं मशीन भिंतीपर्यंत पोचत नाही. कडेची वीतभर जागा हँड मशीनने, आणि अगदी चिंचोळी जागा हाताने घासावी लागते. खोलीच्या मध्यावर आरसा आणि भिंतीलगत धुरकट पट्टा असेल, तर कामाची घाई तिथेच उघडी पडते. ज्याला आपलं काम येतं तो कारागीर कोपऱ्यापासून सुरुवात करतो.

शेवटच्या हाताला संगमरवरावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर टाकून ओल्या नमद्याने घोटतात. हे आम्ल दगडातल्या चुनखडीशी संयोग पावतं आणि पृष्ठभागावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा अतिशय पातळ, पाण्यात न विरघळणारा थर बनतो. घासणं आणि रसायन असं दोन्ही इथे एकत्र चालतं, आणि ती झळाळी मेणाच्या झळाळीपेक्षा वेगळी, खोल दिसते. मात्र प्रमाण चुकलं किंवा पावडर फरशीवरच वाळू दिली, तर हेच आम्ल संगमरवर जाळतं.

घराघरांतले दगड एका जातीचे नाहीत. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या पायांना सगळ्यांत ओळखीची ती शहाबादी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद मुंबई–मद्रास रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे तिथला राखाडी चुनखडीचा दगड सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत आला. भीमेच्या खोऱ्यातला हा दगड डायनोसॉरच्याही कितीतरी आधीच्या एका उथळ समुद्राच्या तळाशी थराथराने साचला, म्हणूनच तो खाणीतून थरांनी सुटतो आणि फरशी म्हणून सोयीचा पडतो. वाड्यांमध्ये शहाबादी कधी मशीनने पॉलिश झाली नाही. ती टाकीच्या घावांनी सारखी केली जाई. पुढे पावलं, पाट, पोतेरं आणि दोन-तीन पिढ्यांचा वावर यांनी ती गुळगुळीत होई. माजघरात मधोमध वाट उजळलेली आणि भिंतीकडे टाकीच्या खुणा तशाच, अशा फरश्या अजून सापडतात. माझ्या मते त्यांना मशीन लावूच नये. त्या वाटेवरचं तेज मशीनने देता येत नाही, आणि एकदा घासून काढलेल्या टाकीच्या खुणा परत येत नाहीत.

स्वयंपाकघराचा ओटा झालेला कडप्पा आंध्रातला, तोही चुनखडीचाच, फक्त काळा. कोटा राजस्थानातल्या रामगंज मंडीच्या परिसरातून येतो. हिरवट-निळसर आणि तपकिरी छटांचा हा बारीक पोताचा दगड शाळा, इस्पितळं आणि रेल्वे फलाट यांचं ओझं निमूट वाहत आला आहे. त्याची घासाई जागेवरच होते आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा घासून घेता येतो. मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला लागला आणि कोलकात्यातल्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही. २०१९ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला जागतिक वारशाच्या दगडांत स्थान दिलं. 'इटालियन मार्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रसिद्ध जाती, उदाहरणार्थ बोत्तिचिनो, काटेकोर अर्थाने संगमरवर नाहीत, त्या चुनखडीच आहेत. बऱ्याचशा आयात लाद्यांच्या पाठीला जाळी चिकटवलेली असते आणि भेगा रेझिनने भरलेल्या असतात, कारण त्याविना त्या प्रवासात फुटतील. ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगितली जात नाही, आणि पहिल्या घासाईत रेझिन वेगळं चमकलं की मग वाद होतात.

ही सगळी मंडळी चुनखडीच्या घराण्यातली. त्यांचं मुख्य खनिज कॅल्साइट, आणि कठीणपणाच्या मोसच्या मापावर ते फक्त ३. ग्रॅनाइटचं कुळच निराळं. त्यातलं फेल्डस्पार ६ आणि गारगोटीचं खनिज, क्वार्ट्झ, ७. म्हणून ग्रॅनाइटला कारखान्यात जबर दाबाखाली, एकामागून एक अनेक डोकी असलेल्या मशीनखालून काढून पॉलिश करतात. घरी आणलेलं छोटं मशीन ते तेज परत आणू शकत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. जाता जाता, बाजारातले बरेच 'काळे ग्रॅनाइट' भूशास्त्राच्या हिशेबात डोलेराइट किंवा गॅब्रो असतात. गिऱ्हाइकाला त्याने फरक पडत नाही. ते कापणाऱ्या माणसाला मात्र पडतो, कारण त्यांत क्वार्ट्झ फार कमी. त्याकडे पुढे येऊ.

या ३ आणि ७ च्या आकड्यांत देखभालीचं बरंच शास्त्र आहे. रस्त्यावरच्या धुळीत, बांधकामाच्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. चपलेच्या तळाला चिकटून ते दिवाणखान्यात येतात आणि प्रत्येक पावलाखाली संगमरवरावर रेघ ओढतात. म्हणजे घरातला प्रत्येक माणूस नकळत उलट्या नंबरांनी फरशी घासत असतो, बारीककडून जाडकडे. दारातलं चांगलं, लांबरुंद पायपुसणं आणि रोजचा कोरडा केर हे फरशीच्या आयुष्यात कुठल्याही पॉलिशपेक्षा अधिक वर्षं घालतात. आधी केर न काढता थेट ओला पोचा फिरवला, तर कण पाण्याबरोबर सगळीकडे फिरतात. खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याच्या चकत्या लावायला फार खर्च येत नाही. दिवाळीच्या दिवसांत रांगोळीही ध्यानात ठेवावी. चिमटीत कणीदार लागणारी पूड पावलांखाली भरडली जाते. संगमरवरावर रांगोळी काढायची तर हौसेने काढावी, पण नंतर ती झाडूने रगडत न्यायच्या ऐवजी हलकेच गोळा करावी.

दुसरा शत्रू आंबट. चुनखडीच्या दगडावर लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, दही यांतलं काहीही सांडलं की आम्ल कॅल्साइट विरघळवतं. उरतो तो निस्तेज, पांढुरका ठसा. लोक त्याला डाग समजून घासत बसतात, निरनिराळे साबण आणतात. पण तिथे काही लागलेलंच नाही, तिथला दगड गेलेला आहे. तो साबणाने येणार कसा? त्या जागेवर पुन्हा बारीक नंबर फिरवणं हाच इलाज. कडप्प्याच्या ओट्यावर जागोजागी दिसणाऱ्या फिकट चट्ट्यांचं कारण हेच, आणि त्यावर खोबरेल चोळून काळेपणा आणायची घरगुती युक्ती म्हणजे चरे तेलाने तात्पुरते भरणं. त्यात वाईट काही नाही, पण बरंही काही होत नाही. मोबाइलवर फिरणारे 'लिंबू आणि सोडा लावा, फरशी चमकेल' छापाचे सल्ले मात्र दगडाच्या थेट मुळावर येतात. संडास धुवायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते बाथरूमच्या संगमरवरी उंबऱ्यावर ओघळलं की फसफस ऐकू येते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पॉलिश तिथल्या तिथे संपतं. मीठ घातलेल्या पाण्याने लादी पुसायची पद्धतही अनेक घरांत आहे. तिच्यामागच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचं नाही. मात्र क्षार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून तिथे स्फटिक धरतात आणि कालांतराने पृष्ठभागाची पापडी सोडवतात. साधं पाणी, आणि अधूनमधून आम्लही नाही, अल्कलीही नाही असा सौम्य साबण. पुरे.

खरे डाग वेगळे. तेल, हळद, चहा, गंज हे छिद्रांतून आत उतरतात. त्यांना घासून काढायचं म्हणजे चांगला दगडही झिजवायचा. त्याऐवजी डाग बाहेर ओढून घेता येतो. पणतीखाली मुरलेलं तेल घ्या. मुलतानी माती किंवा खडूची भुकटी योग्य द्रावकात कालवून दाट लेप डागावर द्यायचा, वर प्लॅस्टिक झाकून दिवसभर ठेवायचं, मग उघडून वाळू द्यायचं. वाळताना लेप द्रावक शोषतो आणि द्रावकाबरोबर तेल वर येतं. कधी दोन-तीनदा करावं लागतं. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो, त्यामुळे खिडकीजवळचा हळदीचा डाग पाहून घाबरून जाऊ नये. गंज मात्र हट्टी. गॅस सिलिंडरच्या तळाचं तांबूस कडं पांढऱ्या संगमरवरात एकदा मुरलं की बहुतेक वेळा कायमचं. सिलिंडरखाली चाकाची गाडी किंवा रबरी चकती असावी ती याचसाठी.

लेपाचं हेच तंत्र सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते आग्र्यात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ पासून वेळोवेळी ताजमहालाच्या भिंतींवर मुलतानी मातीचे लेप दिले. लेप वाळू द्यायचा आणि मग शुद्ध पाण्याने धुवायचा. संगमरवर पिवळा का पडतो, याचा अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी पुरातत्त्व खात्याबरोबर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हवेतली धूळ आणि जळणातून निघणारे काळे-तपकिरी कार्बनकण पृष्ठभागावर बसतात, हे त्यात दिसून आलं. मकराण्याचा दगड मुळात पिवळा नव्हता आणि आतून पिवळा झालेलाही नाही. त्यावर हवा बसली आहे. लेप दगड न झिजवता ती उतरवतो, ही त्याची मोठी बाजू. पण दर थोड्या वर्षांनी चोळणं-धुणं हेही दगडाला फुकट पडत नाही. खरा उपाय हवेत आहे, आणि ताजच्या परिसरातल्या कोळसा-कोकवर चालणाऱ्या उद्योगांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेला निकाल याच दिशेचा होता.

आता बाजारात जे सर्वांत जोरात विकलं जातं, त्याच्याबद्दल. मेण, अ‍ॅक्रिलिकचे थर, 'नॅनो कोटिंग', 'क्रिस्टलायझेशन'. यांतलं शेवटचं मेणापेक्षा गंभीर आहे. मॅग्नेशियम फ्लुओसिलिकेट असलेला आम्लधर्मी द्रव फवारून लोखंडी लोकरीच्या पॅडने मशीन फिरवतात. घर्षणाच्या उष्णतेत कॅल्साइटशी त्याची क्रिया होऊन पृष्ठभागावर कठीण, चकचकीत पापुद्रा तयार होतो. हॉटेलच्या लॉबीत, जिथे रोज हजारो पावलं पडतात, तिथे त्याचा उपयोग आहे. घरासाठी मला तो गरजेचा वाटत नाही, आणि ग्रॅनाइटवर तर त्याची क्रियाच होत नाही, कारण तिथे कॅल्साइट नाही. जे थर वरून बसतात त्यांचा दोष मोठा. दगड श्वास घेतो म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की कोब्यातला ओलावा फरशीतून वाफ होऊन बाहेर पडत असतो. वरून प्लॅस्टिकसारखा थर दिला की तो ओलावा खालीच कोंडतो. मग फरशीत ढगाळ छाया येतात, काठांशी पांढरी पूड सुटते, संगमरवरातलं लोह ओलाव्याने पिवळं पडतं. नवीन बसवलेल्या फरशीला लगेच सीलर मारायची घाई त्यामुळेच महागात पडते. सीलर हवाच असेल तर छिद्रांत मुरणारा, वर थर न धरणारा घ्यावा. त्याने आम्लाचा चट्टा थांबत नाही, फक्त तेल-पाणी आत शिरायला वेळ लागतो, हेही समजून घ्यावं.

आणि घासायला अमर्याद दगड नसतो. घरातली संगमरवरी लादी साधारण १६ ते २० मिलिमीटर जाड. काठ सपाट करण्यापासूनची पूर्ण घासाई तिच्यातून मिलिमीटरचा लक्षात येण्याजोगा भाग नेते. जुन्या इमारतींतल्या मोझॅक टाइलचं तर आणखी नाजूक. संगमरवराचे तुकडे असलेला वरचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा आणि खाली नुसतं सिमेंट. दर दिवाळीला जाड नंबर लावणाऱ्या घरांत ते सिमेंट वर आलेलं दिसतं. फरशीवर ओरखडे नसून नुसतं तेज उतरलेलं असेल, तर जाड नंबरांना हात न लावता ८०० च्या पुढून सुरुवात करून भागतं. हे ठेकेदाराने सांगायला हवं. पण भाव चौरस फुटावर आणि कोटांवर ठरत असल्याने ते सांगण्यात त्याचा तोटा आहे.

चकाकीच्या हव्यासाने सर्वांत जास्त सोसलं ते आपल्या देवळांनी. काळ्या पाषाणाची जुनी मंदिरं, पावलांनी गुळगुळीत झालेले त्यांचे मंडप, आणि त्यावर गेल्या काही दशकांत भक्तिभावाने चढवलेल्या ग्रॅनाइट-संगमरवराच्या लाद्या. देणगीदारांचा हेतू निर्मळ होता, याविषयी मला शंका नाही. पण मूळ दगड झाकला गेला, कोरीवकामाच्या तळखांबांचे पाय बुजले आणि भिंती-जमिनीतला ओलावा अडकला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून जतनाचं काम झालं, तेव्हा गाभारा आणि चौखांबीतला ग्रॅनाइट काढून जुना दगड मोकळा केला गेला. त्याच कामादरम्यान मेअखेरीस हनुमान दरवाज्याजवळ जमिनीखाली तळघर आणि त्यात काही मूर्ती सापडल्या. वर्तमानपत्रांनी तळघराला मथळे दिले, ते साहजिक होतं. मला त्याहून मोलाचा वाटला तो काळा पाषाण. ज्या दगडावर वारकऱ्यांच्या पिढ्यांनी डोकं टेकवलं तो पुन्हा उजेडात आला. आणखी एक व्यावहारिक बाब. गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की निसरडा होतो. जिथे अभिषेकाचं पाणी, फुलांचा चिखल आणि अनवाणी गर्दी आहे, तिथे आरशासारखा दगड वृद्ध माणसांच्या खुब्याच्या हाडावर उठतो. घरच्या बाथरूममध्ये आणि सोसायटीच्या जिन्यावरही हेच. तिथे पॉलिश न केलेला, हाताला किंचित खरखरीत लागणारा दगडच योग्य, आणि जो मिस्त्री तिथे मिरर पॉलिशचा आग्रह धरतो त्याला नाही म्हणावं.

आता घासणाऱ्या माणसांविषयी, ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. पॉलिशचं काम ओलं चालतं, आणि पाणी फक्त पॅड थंड ठेवायला नसतं. ते धूळ दाबतं. पण कापायचं काम, ओट्याला सिंकसाठी भोक पाडणं, लादीची कड मारणं, स्कर्टिंग बसवणं, हे छोट्या ग्राइंडरने बहुधा कोरडंच होतं. पाणी मारलं तर भिंती खराब होतात म्हणून. त्या वेळी उठणाऱ्या पांढऱ्या लोटात ग्रॅनाइट असेल तर क्वार्ट्झची सूक्ष्म भुकटी असते. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातच अडकते; न दिसणारी फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. तिच्याभोवती व्रण धरत जातो. या रोगाचं नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, क्षयाचा धोका वाढवतो आणि अनेकदा क्षयच समजून त्यावर उपचार केले जातात. दगडाच्या खाणी आणि घडाईवर जगणाऱ्या राजस्थानने २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण आणलं, त्यात रुग्णांची नोंद आणि मदत यांची तरतूद केली. दगडाच्या भुकटीत रेझिन मिसळून बनवलेल्या कृत्रिम 'क्वार्ट्झ' ओट्यांत सिलिका ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. ते कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. आपल्याकडे तोच दगड 'डाग न पडणारा' म्हणून स्वयंपाकघरांत येतो आहे. कापताना उडणाऱ्या धुळीचा उल्लेख त्याच्या जाहिरातीत नसतो.

दुसरा धोका विजेचा. पाण्याने भरलेल्या खोलीत अनवाणी उभा माणूस, हातात लोखंडी मशीन, आणि जमिनीवर भिजत पडलेली, चिकटपट्टीने जोडलेली वायर. हे दृश्य इतकं नेहमीचं झालं आहे की कुणाला दचकायला होत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. ज्या घरात तो नाही तिथे मशीन लावूच देऊ नये, आणि असेल तर त्याचं चाचणीचं बटण आपण स्वतः दाबून पाहावं. रबरी बूट कामगाराकडे नसतील तर काम देणाऱ्याने आणून द्यावेत.

घरात काम काढायचं असेल तर पलंगाखालची एक लादी निवडून तिच्यावर आधी नमुना करून घ्यावा आणि तो दिवसाउजेडी, खिडकीच्या तिरप्या प्रकाशात पाहावा. कोणते नंबर लागले ते लिहून घ्यावं. कापायचं सगळं काम गच्चीवर नाहीतर खाली मोकळ्या जागेत, पाण्याची धार धरून करून घ्यावं. भिंत खराब होण्याची सबब तिथे उरत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा. रुमालाने सूक्ष्म धूळ अडत नाही. घासताना निघालेला पांढरा चिखल मोरीत सोडला तर पाइपात थर धरून बसतो आणि पुढे अख्ख्या इमारतीची लाइन तुंबते. तो बादल्यांत निवू द्यावा, वरचं पाणी ओतावं, तळाचा गाळ गोणीत भरून बांधकामाच्या राडारोड्याबरोबर द्यावा. या सगळ्याला पैसे लागतात, आणि ते कोटेशनमध्ये दरासोबत वेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत: पाण्याखाली कापाई, आरसीसीबी, बूट, मास्क, गाळ उचलणं. या ओळी नसल्या की तेवढी बचत ठेकेदार मजुराकडून वसूल करतो. सोसायटीच्या लॉबीचं काम निघालं की सर्वसाधारण सभेत हा कागद समोर ठेवून सचिवांना एवढा एकच प्रश्न विचारावा, की सर्वांत कमी दराच्या निविदेत या ओळी आहेत का.